नागपाड्याचं घर आणि प्रतापनगरचा ओटला

बडोद्यातल्या मराठी घरांतलं कोणी सोशल वर्क शिकायचं म्हटलं की दोनच वाटा. एक तर आपलं फत्तेगंज, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी, नाही तर मुंबई, 'टाटा'. आमच्या नात्यातल्या दोघी 'टाटा'मधून शिकून आल्या. त्यांना मी एकदा विचारलं, "अगं, तुमची ही संस्था मुळात सुरू कुठे झाली?" एक म्हणाली देवनार. दुसरी म्हणाली, नाही, आधी अंधेरीला होती. दोघींचंही खोटं नाही, पण दोघी मधल्या स्टेशनावर चढलेल्या. गाडी सुटली होती नागपाड्याहून.

भायखळ्याजवळचं नागपाडा. तिथे अमेरिकन मराठी मिशनने 1926 साली 'नागपाडा नेबरहुड हाऊस' नावाचं घर उघडलं. 1936 साली टाटांच्या ट्रस्टच्या पैशातून समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली शाळा निघाली, ती त्याच घरात. माझे आजोबा त्या घरात बरीच वर्षं संध्याकाळी बिनपगारी काम करत होते. बाबा तिथल्या मैदानात वाढले आणि पुढे ते सगळं, म्हणजे खडू, चेंडू आणि एक भांडणही, बडोद्याला घेऊन आले. आज त्याबद्दल लिहिते.

आधी आमची ओळख सांगते. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी गायकवाडांच्या चाकरीत आलेली. कोणी दांडिया बाजारातलं, कोणी बाबाजीपुऱ्यातलं. आमचं घर फार उशिरा, 1945 ला, बीबीसीआय रेल्वेने आलं. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. भेटल्यावर 'सलाम' म्हणणारे. लहानपणी शाळेत मैत्रिणींना वाटायचं की आम्ही मुसलमान आहोत, म्हणून सांगून ठेवते. आणि आमच्यात 'मंडळी' म्हणजे चर्चचे सभासद, त्यामुळे पुढे 'मंडळीत भांडण झालं' असं वाचलंत तर सगळ्या बडोद्यात झालं असं समजू नका.

अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत आले 1813 ला. 1824 ला त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली, 1831 ला नगरला ठाणं केलं, 1842 ला नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केलं. 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिकही त्यांचंच, 1873 चं. शंभर वर्षं त्यांच्या कामाचा साचा ठरलेला होता. शाळा, दवाखाना, छापखाना, आणि या सगळ्यांच्या बरोबरीने शुभवर्तमान सांगणं. खेड्यात हा साचा चालला. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, बंदर वाढलं, आणि एकेका खोलीत आठ-दहा माणसं राहायला लागली, तिथे तो अपुरा पडायला लागला. खेड्यातल्या माणसाला शाळा हवी होती. नागपाड्यातल्या पोराला संध्याकाळी पाच ते रात्री दहा उभं राहायला जागा हवी होती.

हे वाक्य माझं नाही, आजोबांचं. आणि ते शब्दशः खरं होतं. 1896 च्या प्लेगनंतर 1898 ला मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडून रस्ते सरळ करायचं काम हाती घेतलं, त्यात पहिली योजना नागपाड्याची. रस्ते रुंद झाले, नव्या चाळी उभ्या राहिल्या, पण माणसाच्या वाट्याला खोली एकच राहिली. तिथे कोकणी मुसलमान होते, उत्तरेकडून आलेले होते, बगदादी ज्यू होते. डेव्हिड ससूनने बांधलेलं मागेन डेव्हिड सिनेगॉग जवळच आहे. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल होते, गोव्याचे होते, घाटावरचे आपले होते. पलीकडे कामाठीपुरा. बापे कामावर, बाया चुलीशी, आणि वयात येणारी पोरं रस्त्यावर. कुठल्याही दादाला अशी पोरं फुकट मिळतात.

1925 ला क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे पाद्री शिकागो विद्यापीठातून शिकून मुंबईला आले. वय तिशीच्या आत. शिकागोत जेन ॲडम्स बाईंचं 'हल हाऊस' होतं, 1889 पासूनचं. त्याच्याही आधी, 1884 ला, लंडनच्या पूर्व भागात 'टॉयन्बी हॉल' निघालं होतं. कल्पना साधी. शिकलेल्या माणसांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन भाषण करून परत यायचं नाही, तिथेच घर करायचं. शेजारी व्हायचं. मग शेजाऱ्याला काय हवं ते आपोआप कळतं. मॅन्शार्ट साहेबांनी तेच नागपाड्यात आणलं. ते त्या घराचे पहिले संचालक.

घरात वाचनालय होतं, रात्रीचे वर्ग होते, व्याख्यानं होती, खेळ होते. सगळ्यांना खुलं. दारात कोणाची जात किंवा धर्म विचारला जात नव्हता, आणि मुख्य म्हणजे आत आल्यावर सांगितलाही जात नव्हता. हे आज ऐकायला सोपं वाटतं. त्या काळी मिशनच्या पैशाने चालणाऱ्या घरात असं ठरवणं म्हणजे मोठी उडी होती.

आजोबा भायखळ्याकडे मिशनच्या शाळेत मास्तर होते. दिवसा शाळा, रविवारी शब्बाथ शाळा, आणि आठवड्यातले चार दिवस रात्री आठला नागपाडा. त्यांच्या वर्गात मुलं नव्हतीच, बापे होते. हातगाडीवाले, गॅरेजात काम करणारे, एक कसाई. लिहायला शिकायचं होतं ते मनिऑर्डरचा फॉर्म भरता यावा म्हणून. फॉर्म लिहून देणारा आणे घ्यायचा आणि गावाकडे काय लिहिलंय ते कळायचं नाही. आजोबा म्हणून बाराखडीच्या आधी गावाचं नाव शिकवायचे. ज्याचं त्याचं गाव. पाटीवर रत्नागिरी, आझमगड, संगमनेर. मला ही पद्धत फार आवडते. पुढे मी स्वतः शिकवलं तेव्हा मीही तसंच केलं.

या कामाचे पैसे नव्हते. आजीचं म्हणणं, "पगार मिशनचा, आणि चपलांचे तळ आमचे." मिशनचे मोठे साहेब, टाटांचा ट्रस्ट ही नावं इतिहासात आली. रात्री आठला चालत जाणारे हे जे दहा-वीस मास्तर, कारकून, नर्सा, मंडळीच्या तरुण संघातली कॉलेजची मुलं, यांची नावं कुठेही नाहीत. पण दार उघडायला रोज कोणीतरी असावं लागतं ना?

1932 ला दोराबजी टाटा वारले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचा ट्रस्ट झाला. मॅन्शार्ट साहेबांनी विश्वस्तांपुढे मांडलं की नुसतं दान वाटून भागत नाही, काम जाणणारी माणसं तयार करायला हवीत. 1936 ला 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं, पहिले संचालक तेच. 1944 ला त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. पारशांचा पैसा, अमेरिकन पाद्री, मिशनचं घर, आणि शेजार मुसलमान, ज्यू, हिंदू. मुंबईतच होऊ जाणे.

पण या शाळेमुळे आजोबांच्या जगात एक तिढा आला. आता तिथे बी.ए. झालेले विद्यार्थी यायला लागले, हातात छापील कार्ड घेऊन. खोलीत माणसं किती, कमावती किती, कर्ज किती, व्याज किती, पाणी कुठून. जुन्या बिनपगारी मंडळींना ते झोंबलं. दहा वर्षं आम्ही येतोय, आता ही पोरं आम्हाला वस्ती शिकवणार? आजोबाही कुरकुरले. मग त्यांना एका विद्यार्थ्याबरोबर गल्ल्या दाखवायला पाठवलं. त्यांच्या वर्गातल्या एकाच्या घरी कार्ड भरताना कळलं की ज्या पठाणाचं कर्ज त्याने चार वर्षांपूर्वी घेतलं, त्याची मुद्दल तशीच आहे, आणि व्याजाला महिन्याचा निम्मा पगार जातोय. हा माणूस रोज वर्गात पुढे बसायचा. आजोबा सांगायचे, "मला त्याचं अक्षर ठाऊक होतं, कर्ज ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आणि त्याने मास्तरला कशाला सांगावं?"

त्या दिवसापासून आजोबा स्वतः कोरी कार्ड खिशात ठेवायला लागले. मला वाटतं नागपाड्याच्या घराचं खरं महत्त्व इथे आहे. प्रेमाने केलेलं काम आणि माहिती घेऊन केलेलं काम ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकाच माणसाने केली तरच कामाची. आजकाल पहिल्या जातीचे लोक फोटो काढतात आणि दुसऱ्या जातीचे रिपोर्ट लिहितात. असो.

बाबांचा जन्म 1926 चा, म्हणजे ते आणि ते घर एकाच वयाचे. त्यांना वर्ग, व्याख्यानं यात काडीचा रस नव्हता. त्यांचं सगळं लक्ष बास्केटबॉलवर. हा खेळही मूळ ख्रिस्ती तरुण संघाचाच, म्हणजे वायएमसीएचा. 1891 च्या हिवाळ्यात अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी तो शोधून काढला. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली तरुण पोरं, आणि जागा एका हॉलएवढी. व्हॉलीबॉलसुद्धा चार वर्षांनी तिथूनच, वायएमसीएतूनच निघाला. आता बघा, बर्फासाठी काढलेला खेळ नागपाड्याला कसा बसला. क्रिकेटला मैदान लागतं, बॅट लागते, सामान लागतं, आणि दुपारभर वेळ. याला एक चेंडू, दोन कड्या आणि चाळीच्या अंगणाएवढी जागा. दहा जण एकदम खेळतात, वीस जण कडेला थांबतात, अर्ध्या तासात पाळी येते. नागपाड्याने पुढे देशाला खेळाडू दिले. 1970 चे अर्जुन पुरस्कारवाले अब्बास मुनतसीर तिथलेच. बाबा त्यांच्या बरेच आधीचे, आणि खरं सांगायचं तर बेताचेच खेळाडू. पण 'तू पास दिलास तरच तुला पास मिळतो' हे त्यांनी जन्मभर इतक्या वेळा ऐकवलं, की आम्ही भावंडं जेवताना भाजीचं पातेलं सरकवतानाही तेच म्हणायचो.

आता भांडणाकडे येते. ते आमच्या घरचं म्हणून सांगते, पण त्याआधी ते जगाचं होतं.

1932 ला अमेरिकेत हॉकिंग नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी अहवाल निघाला, 'रीथिंकिंग मिशन्स'. भारत, ब्रह्मदेश, चीन, जपान इथलं मिशनचं काम पाहून त्यात म्हटलं होतं की शाळा-दवाखान्यांचं काम धर्मप्रसारापासून मोकळं करा, सेवा ही सेवेसाठीच असू दे. चर्चमध्ये खळबळ उडाली. 1938 ला मद्रासजवळ तांबरमला जगभरच्या चर्चची परिषद भरली, त्यासाठी हेंड्रिक क्रेमर या डच विद्वानांनी मोठा ग्रंथ लिहून उलटी बाजू मांडली. सांगायचं सोडलं तर ख्रिस्ती म्हणून तुमच्याकडे उरतं काय? इकडे गांधीजी 'हरिजन'मधून लिहीत होते की सेवेच्या आडून धर्मांतर नको. म्हणजे नागपाड्याचं घर नेमकं या तिन्हींच्या मध्ये उभं होतं. आणि बाहेर 1929 ला आणि 1932 ला मुंबईत हिंदू-मुसलमानांचे मोठे दंगे होऊन गेले होते. मॅन्शार्ट साहेबांनी 1936 ला हिंदू-मुसलमान प्रश्नावर पुस्तकच लिहिलं. आजोबा सांगायचे, दंग्याच्या दिवसांत वर्ग बंद राहायचा, आणि पुन्हा उघडला की पहिल्या रात्री कोणी कोणाकडे बघायचं नाही. तेव्हा ते शिकवायचे नाहीत, नुसता कंदील लावून बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी पाटी काढायचा.

बाबा रेल्वेत लागून बडोद्याला आले. लग्न झालं, प्रतापनगरकडे क्वार्टर मिळालं. 1951 ला बीबीसीआयची वेस्टर्न रेल्वे झाली. आजोबा गेल्यावर आजीही आमच्याकडे आली. चर्चमध्ये उपासना गुजरातीत, घरी 'उपासना संगीत' मराठीतून, अशी आमची दुहेरी शेती. मंडळीच्या तरुण संघाने 1958 च्या सुमारास बाबांना पुढे केलं. त्यांनी काय करावं? रेल्वेच्या गँगमनच्या आणि मागच्या चालीतल्या पोरांसाठी चर्चच्या मागच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग काढला. वर्कशॉपमधल्या फिटरने लोखंडी पट्टी वाकवून कडी करून दिली, ती लिंबाच्या झाडाला ठोकली. झालं नागपाडा.

शिकवायला तरुण संघातली सहा-सात मुलं-मुली. आणि शेजारच्या काकू, देशस्थ, सोवळं पाळणाऱ्या, मॅट्रिकला गणितात पहिल्या आलेल्या. त्या आल्या तेव्हा पहिला प्रश्न, "भाऊजी, पोरांना येशूची गाणी शिकवणार का?" बाबा म्हणाले, "वहिनी, नाताळात शिकवू, नाताळ असतो म्हणून. गणपतीत तुम्ही आरती शिकवा." काकूंनी पाढे घेतले ते तेरा वर्षं. घरी पाणी मात्र पहिली तीन वर्षं प्यायल्या नाहीत. चौथ्या वर्षी उन्हाळ्यात एकदा मागितलं, आणि आईच्या हातून घाईत तांब्याच पडला.

1949 ला विद्यापीठ झालं आणि लगेचच फत्तेगंजात समाजकार्याची फॅकल्टी निघाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी ही एक. 1965 ला तिथले दोन विद्यार्थी फील्डवर्कला आमच्या वर्गावर आले, हातात कार्ड. बाबांना इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला. त्यांनी आत जाऊन आजोबांच्या पेटीतलं जुनं कार्ड आणून त्यांच्यापुढे ठेवलं. खोलीत माणसं किती, कमावती किती, कर्ज किती. तीस वर्षांत प्रश्न फारसे बदलले नव्हते.

मी तेव्हा बारा वर्षांची. दोन वर्षांत मीही लहान गट घ्यायला लागले.

1969 ला ठिणगी पडली. संघात एक नवा पुढारी आला होता, बाहेरगावच्या एका मोठ्या शिबिरातून जागा होऊन आलेला. वयाने विशीतला, गाणं सुंदर, आणि मनाने खरा. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोकांनी त्याला खलनायक केलं. त्याचं म्हणणं, वर्गाच्या सुरुवातीला प्रार्थना हवी, शेवटी दहा मिनिटं वचन हवं, आणि पोरांच्या हाती घरी न्यायला पत्रिका द्यायच्या. बाबा म्हणाले, पोरं ज्या विश्वासावर आईबापांनी पाठवली, त्यात हे बसत नाही. तो म्हणाला, "भाऊ, आपण हे का करतो ते सांगायचंच नाही, तर आपल्याला प्रभूची लाज वाटते का?"

वडील मंडळाची सभा झाली. उशिरापर्यंत चालली. बहुमत त्या मुलाच्या बाजूने गेलं.

ते एक वेळ ठीक. पण घरी आलो तर आजीनेही बाबांच्या विरुद्ध कौल दिला. आजी! जिच्या नवऱ्याने नागपाड्यात जन्म घालवला ती. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "1877 च्या दुष्काळात माझा बाप नऊ वर्षांचा होता. गावात त्याची सावली चालत नव्हती, विहीर चालत नव्हती. त्याला मिशनच्या माणसाने भाकरी दिली, आणि भाकरीबरोबर सांगितलं की तू देवाचा लेकरू आहेस. भाकरी पोटात गेली आणि संपली. दुसरं वाक्य त्याला मरेपर्यंत पुरलं. त्या माणसाने गप्प राहून नुसती भाकरी दिली असती तर मी कुठे असते, आणि तू कुठे असतास?"

बाबांकडे याला उत्तर नव्हतं. बराच वेळाने ते एवढंच म्हणाले, "आई, तुझ्या बापाला दुसरं कोणी काही सांगत नव्हतं. या पोरांना सगळेच सांगतायत."

मी गेली पन्नास वर्षं या दोन वाक्यांमध्ये हेलपाटे घालते. शिकलेली माणसं मला भेटतात आणि म्हणतात की तुमच्या वडिलांचं बरोबर, सेवेत धर्म कशाला. त्यांना मी आजीचं वाक्य ऐकवते, की ज्याला माणूसच धरलं जात नव्हतं, त्याला 'तू माणूस आहेस' हे कोणाच्या तरी नावाने सांगावंच लागलं. आणि चर्चमधले आवेशी तरुण भेटतात, त्यांना बाबांचं ऐकवते. नऊ वर्षांच्या पोराला खडू दाखवून आत बोलावायचं आणि हातात दुसरंच काही द्यायचं, हे त्याच्या आईशी केलेलं कपट आहे. माझा कल विचाराल तर बाबांकडे आहे. पण आजीला चूक म्हणायची माझी छाती नाही, आणि तिच्या वाक्याला ज्यांनी कधी विहीर नाकारलेली पाहिली नाही त्यांनी तर हात लावू नये.

वर्ग चर्चच्या खोलीतून उठला तो आमच्या ओटल्यावर आला. संघातले निम्मे शिक्षक तिकडे राहिले, निम्मे इकडे आले. कडी झाडालाच राहिली, त्यामुळे खेळायला दोन्हीकडची पोरं एकत्रच. काकू आल्या, पाढ्यांसकट. तिकडच्या वर्गात पत्रिका वाटल्या गेल्या, दोन-तीन घरांतून तक्रार झाली, वर्षभरात तो वर्ग बसला. याचा बाबांना आनंद झाला नाही. त्या मुलाला, म्हणजे पुढाऱ्याला, ते स्वतः जाऊन घेऊन आले, आणि तो पुढे चार वर्षं आमच्या ओटल्यावर इंग्रजी शिकवत होता. जेवणाआधी मान खाली घालून प्रार्थना करायचा तेवढीच. पोरं विचारायची, दादा काय पुटपुटता? तो सांगायचा. विचारल्यावर सांगायला बाबांची हरकत नव्हती.

आजी रोज संध्याकाळी त्याच ओटल्याच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायची. वर्गाविरुद्ध मत देऊन झालं होतं, पण पोरांना पाणी देण्याचं काम तिने कोणाला करू दिलं नाही. माठ तिचा, डवली तिची. ज्याला तहान लागेल त्याला ती स्वतः ओतायची, आणि ओतताना ओठ हलायचे. काय म्हणायची ते मी विचारलं नाही. 1978 ला ती गेली.

बाबा 1984 ला निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, ओटला गेला. तोपर्यंत चालीतली पोरं ट्यूशनला जायला लागली होती. आम्ही अकोट्याकडे फ्लॅटमध्ये राहायला गेलो. पुढे काळ बदलला, 2003 ला गुजरातेत धर्मांतराविषयीचा कायदा आला, आणि तरुण संघाला साधं वह्यावाटप करायचं तरी आधी दहा जणांना विचारून करावं लागायला लागलं. अलीकडे संघातली मुलं रक्तदान शिबिर भरवतात, पुराच्या वेळी, विश्वामित्री चढली की, खिचडीची पातेली घेऊन निघतात. परवा त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "आंटी, पाकिटावर चर्चचं नाव छापायचं की नको?" सभेत दोन तट पडलेत म्हणे. मी तिला घरी बोलावलंय. आजोबांची कार्ड दाखवीन, आणि आजीचं व बाबांचं, दोन्ही सांगीन. ठरवायचं त्यांनी.

त्या पेटीत एकूण 61 कार्ड आहेत. 23 नागपाड्याची, बाकी प्रतापनगरची. नावं आहेत म्हणून इथे फोटो टाकत नाही. पण 1958 ते 84 मध्ये प्रतापनगरच्या त्या ओटल्यावर कोणी शिकलं असेल, किंवा कोणाच्या वडिलांनी मुंबईला असताना नागपाड्याच्या त्या घरात रात्रीचा वर्ग केला असेल, तर जरूर लिहा. आणि लिंबाच्या झाडावरच्या कडीचा फोटो कोणाकडे असला तर तो मला हवा आहे. आमच्याकडे एकही नाही.